फॉल्ट कोड : इंजिनाच्या तक्रारीची लिपी

दसऱ्याच्या आसपास मूर्तिजापूर, दर्यापूर, बार्शीटाकळी या भागांतून फिरलं की सोयाबीनच्या वावरांत हार्वेस्टर दिसतात. काही इथल्याच लोकांचे, काही पंजाबातून आलेले. या पंधरा-वीस दिवसांत मशीन उभी राहणं कोणालाच परवडत नाही. वाळलेल्या शेंगा तडकतात आणि परतीचा पाऊस आला तर दाणा शेंगेतच फुगून कोंब धरतो. नेमक्या याच दिवसांत एखाद्या मशीनच्या पडद्यावर पिवळा दिवा लागतो आणि खाली आकडे उमटतात : एसपीएन ११०, एफएमआय ३. ड्रायव्हर, मशीनमालक आणि शेतकरी असे तिघं त्या आकड्यांकडे पाहत उभे राहतात. "दिवा लागला म्हंजे इंजिन गेलं काय भाऊ?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला याचा हिशेब नाही.

त्या आकड्यांचा अर्थ "इंजिन गेलं" असा मुळीच नाही. उलट, वाचता आले तर ते तासाभरात मशीन सुरू करून देऊ शकतात. वाचता आले नाहीत तर चांगला थर्मोस्टॅट, चांगला वॉटरपंप, कधी कधी चांगला रेडिएटरसुद्धा बदलला जातो आणि दिवा तरीही तसाच राहतो. मी अभियंता नाही. अकोल्यात मोटारींच्या वायरिंगचं काम करता करता या कोडांच्या नादी लागलो, इंग्रजी मॅन्युअलं शब्दकोश घेऊन वाचली आणि समजलं ते वह्यांत मराठीत लिहीत गेलो. त्या वह्यांतलं सार इथे मांडतो आहे.

धुराचे तीन रंग

इंजिनाची तक्रार वाचण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. विहिरीवर ऑइल इंजिन होतं त्या काळी मिस्त्री लांबूनच धूर पाहून निदान करत. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी; एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल थेंब गाळत असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा किंवा गाइड झिजले. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरतंय. जोडीला आवाज, वास आणि सायलेन्सरवर धरलेला हात. ही एक पूर्ण भाषाच होती आणि ती मिस्त्रीच्या अंगात मुरलेली असे.

या इंजिनांत डिझेल मोजायचं काम यांत्रिक पंप करत असे. नव्या इंजिनांत ते काम संगणकाकडे गेलं. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत चढतो आणि प्रत्येक नोझल कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं हे इसीयू ठरवतो. इसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. त्याला डोळे-कान नाहीत. त्याच्याकडे असतात फक्त सेन्सर : पाण्याचं तापमान, ऑइलचा दाब, रेलमधला दाब, क्रँकचा वेग, हवेचं वजन. प्रत्येक सेन्सरकडून येतो तो विजेचा संदेश. तो अपेक्षेबाहेर गेला की इसीयू त्याची नोंद करतो. या नोंदीलाच आपण फॉल्ट कोड म्हणतो.

कोड आले कुठून

या कोडांचा जन्म प्रदूषणाच्या नियमांतून झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं १९८८ च्या मोटारींपासून सक्ती केली की धुराशी संबंधित बिघाड गाडीनं स्वतःच ओळखून दिवा लावावा. सुरुवातीला प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, वाचायची रीत वेगळी. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकसारखं सॉकेट आणि एकसारखे कोड लागू झाले. तेच ओबीडी-२. भारतात चारचाकींना ओबीडीचे नियम टप्प्याटप्प्यानं आले आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर दुचाकीही त्या कक्षेत आल्या. पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं. ते पाळायचं तर जुना यांत्रिक पंप पुरत नाही. म्हणून मोठ्या ट्रॅक्टरांत इसीयू, सेन्सर आणि कोड यांचा शिरकाव झाला. पन्नासच्या आतले बरेच ट्रॅक्टर अजून जुन्या पद्धतीचे आहेत. त्यामुळे आज एकाच गावात धूर पाहायची इंजिनं आणि आकडे वाचायची इंजिनं शेजारीशेजारी उभी असतात.

दुसरा धागा तारांचा. सेन्सर आणि संगणक वाढले तशा वायरीही वाढल्या. त्यावर जर्मनीतल्या बॉश कंपनीनं तोड काढली : दोनच तारांवर सगळ्या संगणकांनी आळीपाळीनं बोलायचं. ही पद्धत म्हणजे कॅन. ती १९८६ मध्ये जगासमोर मांडली गेली. पुढे अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या एसएई या संस्थेनं कॅनच्या पायावर जड वाहनांसाठी एक समान बोली ठरवली. तिचं नाव जे-१९३९. ट्रक, बस, ट्रॅक्टर, हार्वेस्टर, जनरेटर, जेसीबी आणि समुद्रावरच्या बोटींची डिझेल इंजिनं, ही सगळी या बोलीत बोलतात. बोटींवरच्या उपकरणांसाठीची एनएमईए-२००० ही पद्धतही याच घराण्यातली. म्हणून मिरकरवाड्याच्या धक्क्यावरच्या एखाद्या नव्या बोटीच्या पडद्यावर येणारे आकडे आणि मूर्तिजापूरच्या वावरातल्या हार्वेस्टरचे आकडे तंतोतंत एक असू शकतात.

दोन आकड्यांचं वाक्य

जे-१९३९ चा कोड म्हणजे दोन शब्दांचं वाक्य. एसपीएन हा त्याचा कर्ता : तक्रार कशाबद्दल आहे. एफएमआय हे क्रियापद : काय झालं आहे. सोबत तिसरा आकडा येतो, तो किती वेळा झालं याचा. ही सगळी नोंद संगणकाच्या ३२ बिटांत बसवलेली असते. त्यातले १९ बिट एसपीएनला, म्हणून सव्वापाच लाखांच्या आसपास वेगवेगळ्या गोष्टींना क्रमांक देता येतात. ५ बिट एफएमआयला, म्हणजे ० ते ३१ इतकेच प्रकार. पाठ करायची गरज असेल तर ती या छोट्या यादीची.

रोज भेटणारे काही एसपीएन असे : ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान, १०० ऑइलचा दाब, ९७ डिझेलमधलं पाणी, १५७ रेलमधला डिझेलचा दाब, १९० इंजिनाचे फेरे, १६८ बॅटरीचा व्होल्टेज, १०७ एअर फिल्टरची चोंद, ९१ ॲक्सिलरेटर पेडल, ६३९ म्हणजे कॅनची तार.

एफएमआयची यादी मी शिकाऊ मुलांना चार गटांत सांगतो.

पहिला गट खऱ्या मापाचा. ० म्हणजे माप धोक्याइतकं वर गेलं, १ म्हणजे धोक्याइतकं खाली आलं. १५ आणि १६ ही वर जाण्याची सौम्य आणि मध्यम पायरी. १७ आणि १८ खाली येण्याची. या गटात सेन्सर खरं बोलतो आहे असं इसीयूचं मत असतं.

दुसरा गट विजेचा. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर, ४ म्हणजे प्रमाणाबाहेर खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त किंवा तार अर्थला टेकलेली. या गटात इसीयू म्हणतो, मला मापच कळत नाही, आधी तार बघा.

तिसरा गट संशयाचा. २ म्हणजे माप उड्या मारतंय किंवा पटत नाही, ८ म्हणजे ठोक्यांची गती बिघडली, १० म्हणजे माप खरं वाटू नये इतक्या वेगानं बदलतंय. बहुतेकदा इथे सैल जोड सापडतो.

चौथा गट बाकीच्यांचा. ७ म्हणजे हुकूम दिला पण यांत्रिक भाग हलला नाही, ९ म्हणजे निरोप वेळेवर येत नाही, १२ म्हणजे उपकरण स्वतःच बिघडलं, १३ म्हणजे मापाची जुळणी चुकली.

११०-०, ११०-३, ११०-४

सुरुवातीचा कोड पुन्हा घेऊ. एसपीएन ११०, म्हणजे पाण्याच्या तापमानाची तक्रार. इथवर वाचून थांबलं की माणूस रेडिएटरकडे धावतो. पण एफएमआय ३ आहे. तो काय सांगतो हे कळण्यासाठी सेन्सरच्या आत डोकवावं लागतं.

पाण्याच्या तापमानाचा सेन्सर म्हणजे तापला की विरोध कमी होणारा एक मणी. थंड असताना त्याचा विरोध काही हजार ओहम असतो, इंजिन तापल्यावर काहीशे ओहमवर येतो. इसीयू स्वतःच्या आतल्या एका रेझिस्टरमधून त्याला ५ व्होल्ट पाठवतो आणि तारेवर किती व्होल्ट उरले ते पाहतो. थंड इंजिनात व्होल्टेज जास्त, गरम इंजिनात कमी.

आता तार तुटली तर? विरोध अमर्याद होतो, व्होल्टेज पूर्ण ५ वर जाऊन बसतो. इसीयूच्या हिशेबानं तापमान शून्याखाली चाळीस अंश. अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळिसाच्या वर पारा जातो, तिथे ही थंडी कोण मानणार? इसीयूही मानत नाही. तो नोंद करतो : ११०-३, व्होल्टेज प्रमाणाबाहेर वर. आणि तार सोलून अर्थला टेकली तर व्होल्टेज शून्य, म्हणजे हिशेबानं पाणी भयंकर तापलेलं. पण इतकं तापणं शक्य नाही, म्हणून ११०-४. खरोखर पाणी उकळत असेल तर व्होल्टेज मधल्या, पटण्याजोग्या पट्ट्यात असतो. त्याचा कोड ११०-०.

एकाच ११० मागे अशी तीन वेगवेगळी कामं उभी आहेत. ० असेल तर मशीन थांबवा, पाणी, पंखा, पट्टा, रेडिएटर बघा. ३ असेल तर तुटलेली तार किंवा सुटलेलं कनेक्टर शोधा. ४ असेल तर कुठे घासून टेकलेली तार शोधा.

घोळ होतो तो 'हाय' या शब्दामुळे. मोटारींच्या कोडांत हीच तक्रार पी ०११८ या नावानं येते आणि स्कॅनरवर इंग्रजीत लिहून येतं की कूलंट टेम्परेचर सर्किट हाय. वाचणारा 'टेम्परेचर' आणि 'हाय' हे दोनच शब्द उचलतो आणि इंजिन तापलं असं ठरवतो. मधला 'सर्किट' शब्द सुटतो. वर गेला आहे तो व्होल्टेज, आणि व्होल्टेज वर म्हणजे सेन्सरच्या भाषेत थंडी. अर्थ अगदी उलटा होतो. पैसे वाया जाण्याचा हा मला दिसलेला सगळ्यात मोठा रस्ता आहे. मूर्तिजापूर भागात एका हार्वेस्टरवर याच कोडासाठी थर्मोस्टॅट आणि वॉटरपंप बदलून झाले होते, मशीन तीन दिवस उभी होती. इंजिनाच्या मागच्या बाजूला, वायरिंगच्या नळीत उंदरानं कुरतडलेली एक तार होती. मशीन पावसाळाभर शेडमध्ये उभी राहिली की उंदीर तिथे घर करतात. हंगामाआधी नळी उघडून पाहिली तर पुढचं बरंच टळतं.

ऑइलच्या दाबाच्या सेन्सरची गोष्ट थोडी वेगळी. त्याला तीन तारा असतात : ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि संदेश. संदेश साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या मध्येच फिरतो. मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, म्हणजे शून्य किंवा पाच व्होल्ट दिसले की ते माप नाही, तारेचा दोष आहे हे इसीयूला लगेच कळावं. इथे एक सावधगिरी. १००-१ आला तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं, शेताच्या बांधापर्यंत नेण्याचाही मोह नको. १००-३ किंवा १००-४ आला तर तारेचा संशय खरा; पण यांत्रिक गेज लावून दाब प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मशीन कामाला लावू नये. कारण आता ऑइलवर पहारा देणारं कोणी उरलेलं नसतं.

बोट आणि हार्वेस्टर

कोड ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. हे समजून घ्यायला बोटीसारखं उदाहरण नाही. समजा, एकाच कंपनीचं, एकाच जातीचं इंजिन बोटीत आणि हार्वेस्टरमध्ये बसवलं आहे आणि दोन्हीकडे ११०-० आला आहे. दोन्हीकडे पाणी खरोखर तापलं आहे.

वावरात पहिला संशय भुशावर. सोयाबीनचा बारीक भुसा आणि काळ्या मातीची धूळ रेडिएटरच्या जाळीवर थर धरते आणि हवा आत शिरत नाही. उपाय म्हणजे जाळी उलट्या बाजूनं हवेनं झाडणं, तेही दिवसातून दोनदा.

बोटीला हवेचा रेडिएटर नसतो. समुद्राचं पाणी खालून आत ओढतात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये ते इंजिनाचं गोडं पाणी थंड करतं. तिथे पहिला संशय समुद्राच्या पाण्याच्या गाळणीवर : शेवाळ अडकलं, प्लॅस्टिकची पिशवी तोंडावर बसली. नंतर पंपातल्या रबरी पंख्यावर. तो कोरडा फिरला तर त्याची पाती तुटतात. नंतर एक्स्चेंजरमध्ये बसलेल्या क्षारांवर. कोड तोच, शोधायची वाट पूर्ण वेगळी.

९७-१५ हा कोड घ्या. डिझेल फिल्टरच्या तळाशी जमलेलं पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं, असा त्याचा अर्थ. सेन्सर अगदी साधा : तळाशी दोन टोकं. डिझेलमधून वीज वाहत नाही, पाण्यातून वाहते. बोटीत पाणी येतं ते डेकवरच्या झाकणातून आणि अर्धवट रिकाम्या टाकीत साचलेल्या दमटपणातून; शिवाय ते खारं, म्हणून गंज लवकर. आपल्याकडे येतं ते बॅरलमधून. कॅन घेऊन पंपावरून आणलेलं डिझेल बॅरलमध्ये महिना-महिना राहतं, झाकण सैल असतं, पाऊस पडतो. कॉमन रेल नोझलमधल्या भागांची फट काही मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक. तिथे पाणी पोचलं की भाग गंजतात, घासतात. हा कोड आला की फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून पाणी काढून टाकायचं, पाच मिनिटांचं काम. दुर्लक्ष केलं तर पुढे नोझलचा संच बदलावा लागतो. कोडांच्या यादीत सगळ्यात स्वस्तात वाचवणारा कोड हाच.

बोटीकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. दर्यात इंजिन आपोआप बंद पडणं हाच मोठा धोका. म्हणून बोटींच्या अनेक इंजिनांत बिघाड दिसला की ताकद कमी केली जाते, फेरे मर्यादित होतात, पण बोट किनाऱ्याला आणण्याइतकं चालतं. ट्रक-ट्रॅक्टरांतही हीच सोय असते. लोक म्हणतात, "गाडी दबून चालते, पिकअप गेला." ते इसीयूनं जाणूनबुजून केलेलं असतं. पंप किंवा टर्बोला हात लावण्याआधी कोड बघावा.

कोकणातल्या अनेक मच्छीमार नौकांवर अजून यांत्रिक पंपाचीच इंजिनं आहेत, आपल्या पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरांसारखी. म्हणजे किनारा आणि वऱ्हाड आज या विद्येच्या एकाच इयत्तेत बसले आहेत.

मोटारी, दुचाकी आणि ट्रकचा युरिया

मोटारींचे कोड पाच अक्षरांचे. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन आणि गिअरचा भाग, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे संगणकांमधला संवाद. पुढचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, १ असेल तर त्या कंपनीचा खासगी. तिसरा आकडा विभाग सांगतो : १ आणि २ इंधन-हवा, ३ ठिणगी आणि मिसफायर, ४ धूर-नियंत्रण, ५ वेग, ६ संगणक, ७ गिअर. पी ०३०० म्हणजे सिलिंडर चुकतोय पण कोणता ते ठरत नाही, पी ००८७ म्हणजे रेलमधला दाब कमी, पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. इंजेक्शनच्या अनेक दुचाकींत स्कॅनर नसला तरी दिव्याच्या उघडझापीतून कोड कळतो : लांब लुकलुक दशकाची, आखूड एककाची.

महामार्गावरच्या बीएस-६ ट्रकांत एक नवी तक्रार दिसते. सायलेन्सरमधल्या विषारी नायट्रोजन वायूंना मारण्यासाठी त्यात डीईएफ फवारतात. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. युरिया म्हटल्यावर आपल्याकडे पोतं आठवणं साहजिक आहे, आणि पोत्यातला युरिया बादलीत विरघळवून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. खताच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. शिवाय त्यात बाययुरेट असतं आणि बोअरच्या पाण्यात क्षार. खारपाणपट्ट्यातलं पाणी असेल तर बोलायलाच नको. यानं नोझल चोंदतं, महागडा कॅटॅलिस्ट निकामी होतो आणि ३३६४ म्हणजे डीईएफची प्रत, किंवा ४३६४ म्हणजे शुद्धीकरणाची क्षमता, असे कोड येऊन ट्रक दबतो. चांगलं डीईएफही उन्हाला भितं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते २५ अंशांपर्यंत १८ महिने टिकतं, ३० पर्यंत १२ महिने, ३५ पर्यंत फक्त ६ महिने. आपल्या पत्र्याच्या शेडमधला उन्हाळा या तक्त्यात बसतच नाही. म्हणून लागेल तेवढंच घ्यावं, सावलीत ठेवावं, डब्यावरची तारीख पाहावी.

पुसण्याआधी वाचा

आपल्याकडची सगळ्यात रूढ दुरुस्ती म्हणजे बॅटरीचा टर्मिनल काढून पुन्हा लावणं. दिवा जातो, लोक खूश होतात. पण अनेक गाड्यांत त्याबरोबर पुरावाही जातो. कोड नोंदवताना इसीयू त्या क्षणाचं चित्रही जपून ठेवतो : फेरे किती, वेग किती, पाणी किती तापलं होतं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा माग याच चित्रावरून लागतो. मोटारींत अनेक बिघाडांसाठी दिवा लागतो तो सलग दुसऱ्या फेरीत तोच दोष दिसला तर. दोष नसलेल्या तीन फेऱ्या झाल्या की दिवा आपोआप विझतो, आणि कोड स्मृतीतून जायला इंजिन चाळीस वेळा थंड होऊन तापावं लागतं. म्हणून दिवा विझला म्हणजे दोष गेला असं नाही.

माझा क्रम असा. आधी पडद्याचा फोटो. एसपीएन, एफएमआय, किती वेळा, दिवा पिवळा की लाल, आणि त्या वेळी मशीन काय करत होती : चढावर, भरल्या टाकीनं, सकाळच्या थंड सुरुवातीला? लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे जपून काम उरका आणि दाखवा. मग चालू कोड आणि जुने कोड वेगळे करायचे. जुन्या कोडावर पैसे खर्च करू नयेत.

एकदम सात-आठ कोड आले तर सात-आठ भाग बिघडलेले नसतात. सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट शोधायची : कमजोर बॅटरी, सैल अर्थ, किंवा अनेक सेन्सरना मिळून जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा. त्या पुरवठ्याचा स्वतंत्र एसपीएन ३५०९ आहे. त्यात एका सेन्सरची तार टेकली की शेजारचे चारही ओरडतात. ६३९ आला तर बॅटरी काढून मल्टीमीटरनं कॅनच्या दोन तारांमधला विरोध मोजावा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर एका टोकाचा जोड तुटला आहे. यासाठी महागडा स्कॅनर लागत नाही, चांगला मल्टीमीटर पुरतो.

आणखी एक. हार्वेस्टरचा कटरबार तुटला की वावरातच वेल्डिंग होतं. वेल्डिंगआधी बॅटरी आणि इसीयूची कनेक्टर काढावीत आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच धरावी. त्या दहा मिनिटांच्या आळसापायी इसीयू जळलेले मी पाहिले आहेत.

ही लिपी कोणाची?

आतापर्यंत सांगितलेले कोड समान आणि खुले आहेत. पण प्रत्येक कंपनीचे खासगी कोडही असतात आणि नवा भाग बसवल्यावर तो इसीयूला ओळखवून द्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते अधिकृत केंद्राकडेच असतं. हंगामात त्या केंद्राचा माणूस चार तालुके फिरत असतो. शेतकरी स्वतः दुरुस्ती करू शकत नाही आणि गावच्या मिस्त्रीला कोड वाचू दिला जात नाही.

हा वाद जगभर चालू आहे. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेतकरी संघटनेशी दुरुस्तीच्या साधनांबाबत करार केला, त्याच वर्षी कोलोरॅडो राज्यानं शेती अवजारांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं याच प्रश्नावर डिअरविरुद्ध दावा लावला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिनं निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं पहिल्या रांगेत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. ही सुरुवात आहे. वावरापर्यंत ती पोचायची आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. भाषेचं काम आपल्या हातात आहे. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथे कृषी अभियांत्रिकीचं शिक्षण होतं. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. पन्नास एसपीएन आणि वीस एफएमआय यांची मराठी पुस्तिका, तीही 'सर्किट हाय' म्हणजे 'तारेचा व्होल्टेज वर, बहुधा तार तुटली' असं सरळ सांगणारी, एवढंच मागणं आहे. ती प्रत्येक ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये मावेल. धुराचे तीन रंग आपल्या मिस्त्रींनी कोणत्याही पुस्तकाविना आत्मसात केले होते. बत्तीस क्रियापदांची ही भाषा त्यांना जड जाणार नाही. ती त्यांच्या भाषेत त्यांच्या हाती पडली पाहिजे. तोवर, दिवा लागला तर पान्हा उचलण्याआधी दोन्ही आकडे वाचा. पहिला सांगेल कुठे बघायचं, दुसरा सांगेल पाणी बघायचं की तार.